थ्रो मारायच्या आधी

फुटबॉलमधली गोल किक, कॉर्नर आणि थ्रो-इन, म्हणजे बाजूनं बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकणं. एरवी समोरच्यांच्या शेवटच्या बॅकच्या पलीकडे उभं राहून आपल्या माणसाकडून बॉल घेतला की साधारणपणे ऑफसाइड होतो, पण या तिन्हींवरून बॉल थेट मिळाला तर ऑफसाइड नसतो. आमच्या सतरा वर्षांखालच्या पोरांना मी हे विचारलं तेव्हा कॉर्नरचं सगळ्यांना माहीत होतं, गोल किकचं दोघातिघांना, थ्रोचं मात्र कुणीच छातीठोकपणे सांगेना. पोरं कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवरचे सामने बघत वाढलेली, यंदा कुठल्या पेठेच्या संघात कोण आलं नि कोण गेलं हे तोंडपाठ असलेली. कुणाचा कोण ऑफसाइड होता यावर टपरीवर तासभर भांडतील. पण थ्रोकडे कुणाचं लक्षच नसतं. बॉल टच लाइनबाहेर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर गेला की प्रेक्षकसुद्धा तेवढ्यात शेंगा सोलून घेतात.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. थ्रोवर काम करायचं ठरलं ते गरजेपोटी. त्या वर्षी संघात हेड मारणारा उंच फॉरवर्ड नव्हता, दोघातिघांना चकवून आत घुसणारा विंगही, म्हणजे कडेनं खेळणारा गडीही, नव्हता. फ्री किक बरी मारणारा एक जण होता, पण डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या, तोंडावर फ्री किक मिळायला आधी तिथवर पोचावं लागतं. एका पोराच्या वडिलांनी मागच्या स्पर्धेतले आमचे सामने मोबाइलवर शूट केले होते. ते मागवून घेतले आणि बाकी सगळं सोडून फक्त थ्रो बघत बसलो. थ्रो मारल्यावर पाच सेकंदांनी बॉल कुणाकडे, एवढंच वहीत लिहायचं. आमच्याकडे, त्यांच्याकडे, की पुन्हा बाहेर. एका सामन्यात दोन्हीकडचे मिळून चाळीस-पन्नास थ्रो सहज होतात. आमच्या वाट्याला आलेल्यांतले निम्म्याहून जास्त पाच सेकंदांत समोरच्यांच्या पायात गेलेले होते. बॉल हातात आहे, समोरच्याला नियमानं दोन मीटर लांब उभं राहावं लागतंय, कुणी टॅकल करायला येत नाही, आणि तरीही आम्ही तो देऊन टाकतोय.

असं का होतं ते शूटिंगमध्येच दिसत होतं. थ्रो मारणारा मैदानाबाहेर असतो. म्हणजे आत आमचे दहा आणि त्यांचे अकरा. त्यातून टच लाइन ही त्यांच्या बाजूची बाराव्या गड्यासारखी, तिकडून पळायला जागाच नाही. समोरचे जवळच्या प्रत्येकाला एकेक माणूस चिकटवतात आणि वर एक जास्तीचा ठेवतात. आमची पोरं काय करत होती? चौघं जण टच लाइनजवळ येऊन हात वर करून उभी. ‘दे, दे, दे.’ प्रत्येकाच्या पाठीला एक माणूस. थ्रो मारणारा बॉल डोक्यावर धरून इकडेतिकडे बघतोय, शेवटी कंटाळून लाइनीच्या कडेनं पुढे भिरकावतोय. यात हाताच्या ताकदीचा काही संबंधच नव्हता. बॉल हातात येण्याच्या आणि सुटण्याच्या मधल्या तीन-चार सेकंदांत कुणी काही करत नव्हतं, दुखणं तिथं होतं.

आमच्या सरावाला संध्याकाळी जुने खेळाडू कट्ट्यावर येऊन बसतात. त्यांचं बारीक लक्ष असतं. पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एकांनी हटकलं.

“सर, थ्रोचा क्लास घ्यायलाय व्हय?”

“घ्यायलोय की.”

“आमच्या टायमाला बॉल उचलायचा नि फेकायचा, विषय संपला. थ्रोवर काय गोल हुतोय व्हय?”

नियमाच्या दृष्टीनं काकांचं बरोबर होतं. थ्रो थेट गोलात गेला तर गोल मिळत नाही, समोरच्यांना गोल किक मिळते. पण मी त्यांना स्टोक सिटीची गोष्ट सांगितली. २००८ मध्ये हा संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये चढला तेव्हा त्यांच्याकडे रॉरी डेलॅप नावाचा मिडफिल्डर होता. शाळेत असताना भालाफेकीत नाव काढलेला. त्याचा थ्रो कॉर्नरसारखा, पण कॉर्नरपेक्षा सपाट आणि जोरात, थेट गोलच्या तोंडावर यायचा. बॉल पुसायला टच लाइनवर टॉवेल ठेवलेले असायचे. त्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी आर्सेनलला २-१ हरवलं आणि दोन्ही गोल डेलॅपच्या थ्रोवरून झाले. काकांनी ऐकून घेतलं. “त्यो भालावाला हाय. तुमच्याकडं कोण हाय?” म्हणाले.

इथं त्यांचा मुद्दा खरोखर बिनतोड होता, आणि बऱ्याच प्रशिक्षकांचं घोडं इथंच अडतं. ‘थ्रोवर हल्ला’ म्हटलं की सगळ्यांना लांब थ्रोच आठवतो. मैदानाची रुंदी ६० मीटर धरा. टच लाइनपासून गोलचा जवळचा खांब २६ मीटरवर येतो. आमची बरीच पोरं १५ ते १८ मीटर मारत होती. म्हणजे डेलॅपचं सोंग आणून उपयोग नव्हता. पण तेच गणित दुसऱ्या बाजूनं केलं तर चित्र बदलतं. डीची बाजूची रेषा त्याच मैदानावर टच लाइनपासून जेमतेम १० मीटरवर असते. १५ मीटरचा साधा थ्रो डीच्या आत पाच मीटर पडतो. तिथं माणूस मोकळा करता आला तर लांब हाताची गरजच काय?

तरीही सुरुवात हातापासूनच केली, कारण फाउल थ्रो. शाळेच्या स्पर्धांत रेफ्री याला हमखास शिट्टी मारतात आणि हातातला बॉल फुकट जातो. नियम फार मोठा नाही. तोंड मैदानाकडे, दोन्ही पायांचा काही भाग लाइनीवर किंवा लाइनीबाहेर जमिनीला टेकलेला, बॉल दोन्ही हातांनी डोक्याच्या मागून आणि डोक्यावरून, आणि बॉल जिथून बाहेर गेला तिथूनच. पोरांचा घोळ व्हायचा तो मागच्या पायाचा. जोर लावला की टाच उठते आणि टाचेबरोबर अख्खा पायच. बुटाचं टोक जमिनीवरून घासत आणायची सवय लावली. मातीवर बुटाच्या टोकाची लांबलचक रेघ उमटली पाहिजे, असं सांगून ठेवलं. थ्रो झाला की पोरं स्वतःच मागं वळून रेघ बघायची. रेघ तुटली असेल तर परत. शिट्टी मारायची मला गरज पडली नाही.

जोराचं म्हणाल तर तो दंडात नसतो. शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात तेव्हा दगडाला वेग मनगट देत नाही, गिरकी देते. तसंच इथं आहे. दोन-तीन पावलं धाव, शेवटचं पाऊल लांब, कंबर पुढं, छाती उघडी, पाठीची कमान, आणि मग पोट आवळत अंग पुढं येतं. हात सगळ्यात शेवटी. जी पोरं नुसत्या हातांनी मारत होती त्यांना गुडघ्यांवर बसवून थ्रो मारायला लावले. मग उभं राहून एका जागेवरून. मग धावत. प्रत्येक पायरीला अंतर किती वाढलं ते त्यांनीच बघितलं की सांगावं लागत नाही. आमच्याकडे मेडिसिन बॉल एकच आहे, तोही फाटलेला. तो थोडाच वापरला. वाढत्या वयातल्या खांद्यांवर जड वस्तू फेकण्याचा मारा करणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना नवलाची वाटली. विज्ञानाच्या तासाला शिकलेलं असतं, सगळ्यात लांब फेकायचं तर ४५ अंशात फेका. थ्रोला ते लागू पडत नाही. यावर अभ्यास झालेले आहेत आणि सगळ्यात लांब थ्रो साधारण ३० अंशांच्या आसपास जातो. कारण शरीराची ठेवण. वर फेकायला गेलं की हातातून सुटतानाचा वेग कमी होतो, पुढं सपाट फेकलं तर वेग जास्त मिळतो. आमचा राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, उंच चेंडू उडवायचा. त्याला समोर दहा पावलांवर एक पोरगं हात वर करून उभं केलं आणि त्याच्या बोटांना घासून जाईल असा मार म्हटलं. त्याचा थ्रो दोन-तीन मीटरनं वाढला तो त्याच दिवशी. शिवाय सपाट थ्रो लवकर पोचतो. बॉल हवेत तरंगत असला की बॅकला सावरायला वेळ मिळतो.

मध्येच एक गंमत झाली. पोरांनी मोबाइलवर थॉमस ग्रोनेमार्कचा व्हिडिओ बघितला. हा डेन्मार्कचा माणूस, फक्त थ्रो-इन शिकवतो. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा तेव्हाचा प्रशिक्षक युर्गन क्लॉपनं त्याला बोलावलं तेव्हा बऱ्याच जणांनी टिंगल केली होती. त्यानं स्वतः २०१० मध्ये कोलांटी मारून ५१.३३ मीटर थ्रो टाकला होता. झालं, दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला सगळे कोलांट्या मारायला लागले. एकाचं मनगट मुरगळल्यावर मी ते बंद केलं. पण त्या माणसाचं मला जे महत्त्वाचं वाटतं ते कोलांटीत नव्हतंच. लिव्हरपूलमध्ये तो लांब थ्रोपेक्षा बॉल हातात आल्यावर बाकीच्यांनी कुठं पळायचं आणि जागा कशी करायची यावर जास्त भर देत होता. म्हणजे जगातल्या मोठ्या क्लबातल्या पगारी खेळाडूंना जे शिकवावं लागत होतं तेच आमच्या नववी-दहावीच्या पोरांना येत नव्हतं. हे त्यांना सांगितल्यावर त्यांची मान जरा ताठ झाली.

आता खरं काम. टच लाइनला लागून वीस बाय पंधरा मीटरची पट्टी आखली. आत चार विरुद्ध पाच, बाहेर थ्रो मारणारा. पाच सेकंदांनी बॉल आमच्याकडे असेल तर एक गुण, पट्टीच्या पुढच्या रेषेपलीकडे घेऊन गेलो तर दोन. गुण लावले की पोरं जीव तोडून खेळतात, नुसतं ‘मूव्हमेंट करा’ म्हटलं तर कोण ऐकतंय. पहिली अट एकच घातली: बॉल हातात गेल्यावर कुणीही उभं राहून मागायचं नाही. हात वर केला की गुण वजा.

मग पहिली चाल शिकवली ती सगळ्यात साधी. मोकळा माणूस कोण, असं विचारलं की पोरं आत शोधायची. पण थ्रो मारून झाल्यावर सगळ्यात मोकळा माणूस थ्रो मारणाराच असतो. त्याला कुणी धरलेलं नसतं, कारण तो बाहेर होता. त्यानं बॉल टाकायचा आणि लगेच आत पाऊल टाकायचं, घेणाऱ्यानं एका टचमध्ये त्यालाच परत द्यायचा. मध्ये दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय थ्रो मारणाऱ्यानं बॉलला हात-पाय लावायचा नसतो, तो स्पर्श इथं झालेला असतो. मग त्याच्यासमोर क्रॉस मारायला मोकळं रान. यातला बारकावा थ्रो कसा द्यायचा त्यात आहे. आमच्या पोरांचे थ्रो घेणाऱ्याच्या गुडघ्यावर यायचे. गुडघ्यावर आलेला बॉल पायानं घेता येत नाही, छातीनं घेता येत नाही, नुसता उसळतो. म्हणून सांगितलं, मागून चिकटलेला माणूस ज्या बाजूला आहे त्याच्या उलट्या पायावर, जमिनीला समांतर, टप्पा न पाडता. हातानं दिलेला पास आहे हा. पायानं पास देताना जेवढी काळजी घेता तेवढी इथं घ्या. एवढ्या एका गोष्टीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि आजही मला विचाराल तर शाळेच्या संघानं दुसरं काही न शिकता फक्त हे शिकलं तरी पैसे वसूल.

दुसरी चाल ऑफसाइडची. फॉरवर्डनं शेवटच्या बॅकच्याही पलीकडे, गोलच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. सांगायला सोपं, पण आमच्या फॉरवर्डचे पायच तिकडं जाईनात. सहावीपासून ‘लाइन बघ, लाइन बघ’ ऐकत आलेलं पोरगं, चार पावलं पलीकडे गेलं की आपोआप मागं यायचं. शेवटी त्याला मी स्वतः दंडाला धरून नेऊन उभं केलं. तिथं उभा राहिला की बॅकला दोन्हीकडे बघता येत नाही. बॉल बघितला तर माणूस पाठीमागं, माणूस बघितला तर बॉल पाठीमागं. बॅक मागं सरकला की त्याच्या पुढ्यात जागा मोकळी, तिथं दुसरा येतो. नाही सरकला तर थ्रो त्याच्या डोक्यावरून. याला जोडून तिसरी चाल आपोआप आली: एकानं टच लाइनकडे धावत यायचं, त्याच्याबरोबर त्याचा माणूस ओढला जातो, आणि तो जिथून निघाला त्या रिकाम्या जागेत दुसऱ्यानं घुसायचं. जो धावत येतो त्याला बॉल मिळतच नाही. हे पोरांना पटवणं अवघड गेलं. पंधरा वर्षांच्या पोराला बॉल न मिळण्यासाठी पळायला सांगणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. मग अशा धावेलाही एक गुण ठेवला.

खुणांचं मात्र काही जमलं नाही. पोरांनीच शब्द ठरवले होते. ‘तांबडा’ म्हणजे बॅकच्या डोक्यावरून, ‘पांढरा’ म्हणजे परत थ्रो मारणाऱ्याला. ऐकायला झकास. पण समोरचा संघही कोल्हापूरचाच, त्यांना तांबडा-पांढरा कळायला कितीसा वेळ लागणार? एका मैत्रीच्या सामन्यात मध्यंतरानंतर त्यांचा गोलकीपरच ओरडायला लागला, “तांबडा यायलाय रं, मागं सरका!” सगळं मैदान हसलं. तेव्हापासून शब्द बंद. आता खूण एकच, बॉल डोक्यामागं गेला की पळायचं. तोवर सगळ्यांनी चालत राहायचं, इकडंतिकडं बघायचं, बूट नीट करायचा. कुठं पळायचं ते समोरचा कुठं उभा आहे त्यावरून ज्यानं त्यानं ठरवायचं. मला पाठ केलेल्या चालींपेक्षा हे जास्त भरवशाचं वाटतं. समोरच्यांनी वेगळंच काही केलं की पाठांतर कोलमडतं.

जुलैमध्ये सुब्रतो करंडक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा पातळीवरच्या सामन्यांची तयारी सुरू झाली आणि कोल्हापूरचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. मैदानाचा चिखल, बॉल साबणासारखा निसटणारा. ओल्या बॉलवर दोन्ही हातांची पकड बसत नाही. एक हात घसरला की बॉल वाकडा जातो आणि रेफ्रीला एकाच हातानं फेकल्यासारखं दिसतं. स्टोकच्या टॉवेलांची गोष्ट माहीत असल्यानं पोरांनी घरून पंचे आणले. जर्सीच्या आत, पोटाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक छोटा पंचा राइट बॅककडे असायचा. बॉलचे अंगठ्यांखालचे दोन भाग पुसायचे, सगळा बॉल पुसत बसायचं नाही, नाहीतर वेळ काढतोय म्हणून रेफ्री ओरडतो. अंगठे जवळजवळ, बाकीची बोटं पसरून बॉलच्या मागच्या बाजूला. पुसून होईपर्यंत आतल्या पोरांना जागा हेरायला वेळ मिळायचा, हा वरचा फायदा.

पावसात लांब थ्रोही वापरून बघितला. आमच्या स्टॉपरचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, हात सगळ्यात लांब, २० मीटरच्या पुढं जायचा. तो जवळच्या खांबाच्या अलीकडे टाकायचा, तिथं एकानं डोक्यानं मागं घासायचा आणि दोघांनी घुसायचं. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडनं इंग्लंडला असंच गोत्यात आणलं होतं. आरोन गुनारसनचा थ्रो, कारी आर्नासनचं डोकं, रॅगनार सिगुर्डसनचा गोल. इंग्लंडला पेनल्टीवर आघाडी मिळून दोन मिनिटंही झाली नव्हती. हा गुनारसन लहानपणी हँडबॉल खेळायचा, हे ऐकून आमच्या शाळेच्या हँडबॉलवाल्यांनी बराच भाव खाल्ला.

यात एक मेख आहे आणि ती आम्हाला सामन्यातच नडली. थ्रोवर ऑफसाइड नाही, पण ते फक्त थ्रो थेट मिळाला तर. मध्ये आपल्याच माणसाचं डोकं लागलं की त्या क्षणापासून ऑफसाइड लागू. आमचा फॉरवर्ड नव्यानंच मिळालेल्या स्वातंत्र्यात गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभा होता. घासलेला बॉल त्याच्याकडे आला, त्यानं तो आत ढकलला, पोरं नाचायला लागली आणि लाइनमनचा झेंडा वर. फॉरवर्ड रडकुंडीला येऊन म्हणतोय, “थ्रोला नसतोय की ऑफसाइड! सरांनी सांगितलंय!” रेफ्री शांतपणे म्हणाले, “थ्रोला नाही बाळ, हेडला आहे.” त्यानंतर सरावात दोन वेगळ्या जागा पक्क्या केल्या. थ्रो थेट यायचा असेल तर पलीकडे उभं राहा. घासून यायचा असेल तर डीच्या कडेवरून, बॉलच्या मागून धावत या. उभ्यानं वाट बघण्यापेक्षा धावत येणाऱ्याचा हेडही जोरात बसतो, तेव्हा नुकसान काहीच नाही.

लांब थ्रोची दुसरी बाजू म्हणजे मागचं रिकामं घर. दोन्ही स्टॉपर पुढं गेले आणि बॉल डीच्या बाहेर फेकला गेला, तर पलटवार ठरलेला. म्हणून स्टॉपर थ्रो मारणार असेल तर लेफ्ट बॅक आणि मधल्या फळीतला एक हाफ मध्यरेषेवर, आणि डीच्या तोंडावर एक जण परतून येणारा बॉल उचलायला. माझ्या वहीप्रमाणे आमचे लांब थ्रोवरून झालेले प्रयत्न बहुतेक या तिसऱ्या माणसाच्या पायातून आलेले आहेत, डोक्यानं झालेले थोडेच. गर्दी सगळी खांबापाशी, आणि बाहेर आलेला बॉल मोकळ्या माणसाकडे. शाळेच्या पातळीवर बॅकचा हेड फार लांब जात नाही, हेही त्यामागचं कारण.

जिल्ह्याच्या सामन्यात आमचा जो गोल माझ्या डोळ्यांसमोर आहे तो यापैकी कशातलाच नव्हता. उजवीकडे त्यांच्या डीच्या बरोबरीला थ्रो मिळाला. समोरचे सात-आठ जण त्या कोपऱ्यात गोळा झाले, एव्हाना त्यांना आमच्या थ्रोची धास्ती होती. राइट बॅकनं पंचा काढला, बॉल पुसला, डोक्यामागं नेला, पोरं पळाली आणि त्यानं बॉल मागं, एकट्या उभ्या असलेल्या हाफला टाकला. हाफनं एक टच घेऊन थेट डाव्या बाजूला उचलला. तिथं आमचा विंग आणि समोर एकच बॅक. त्यानं त्याला बाहेरून काढलं, आत दिला, गोल. कट्ट्यावरचे काका सामना बघायला आले होते. म्हणाले, “ह्यो थ्रोवरचा धरायचा का न्हाई?” मी वहीत धरला.

पटकन थ्रोचं सांगायचं राहिलं. बॉल बाहेर गेला की जो सगळ्यात जवळ आहे त्यानं घ्यायचा, राइट बॅकची वाट बघायची नाही. समोरचे पाठ करून परत चाललेले असतात, त्या दोन सेकंदांत सगळ्या चालींपेक्षा जास्त मिळतं. हे शिकवावं लागत नाही, फक्त ‘थांब, मी मारतो’ म्हणणाऱ्याला गप्प बसवावं लागतं.

आम्ही पुढच्या फेरीत हरलो, थ्रोशी त्याचा संबंध नव्हता. नवीन मोसमात मात्र आमच्याशी खेळणारे संघ शहाणे झालेत. थ्रो मारणाऱ्यावर आता ते दोन मीटरवर एक माणूस ठेवतात आणि तो आत आला की त्याला धरतात. त्यामुळे परत द्यायची चाल उजवीकडे निम्मी बंद पडली. पण त्यांचा तो जास्तीचा अकरावा माणूस तिथं गुंतला म्हणजे आत दहाला दहा झाले. म्हणून हल्ली आमचा राइट बॅक थ्रो मारून मुद्दाम लाइनीच्या कडेनं पळतो आणि त्या माणसाला घेऊन जातो.

डावीकडचं काम अजून बाकी आहे. लेफ्ट बॅक उजव्या पायाचा. परत मिळालेला बॉल क्रॉस मारायला त्याला वळवून उजव्या पायावर घ्यावा लागतो, तोवर दार बंद. म्हणून तिकडचे थ्रो आता विंग घेतो, तो डाव्या पायाचा आहे. मग लेफ्ट बॅकनं पुढं जायचं की मागं थांबायचं? तो म्हणतो पुढं, स्टॉपर म्हणतो मागं. रोज सरावानंतर सायकली काढेपर्यंत दोघांचा वाद चालू असतो आणि मी सध्या दोन्ही करून बघतोय.